अर्धी खूण

सात नंबरच्या गाडीचा दुसरा कंट्रोलर उघडला आणि ताईंच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. ट्रामच्या कारखान्यात दिवसाला दहा हत्यारं पडतात, कुणी ढुंकून बघत नाही. पण ताईंच्या हातून काही पडलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून शेजारच्या खड्ड्यात चाकं तपासणारे दोघं माना वर करून बघायला लागले. एरवी ताईंनी त्यांना दोन शब्द सुनावले असते. आज त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

या ताई म्हणजे सत्तावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, नाकावर कायम चष्मा आणि चष्म्याच्या वर कायम राग. पाठीमागे सगळे त्यांना ठिणगीताई म्हणायचे आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणोत बापडे. त्यांच्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं. शहरातल्या ट्राम बंद पडून जमाना झाला होता. त्यातल्या सहा गाड्या जुना ठेवा म्हणून रंगवून, पितळ घासूनपुसून नदीकाठच्या एका मार्गावर चालत होत्या, आणि त्यांच्या कंट्रोलरमध्ये काय बिघडलंय ते नुसत्या आवाजावरून सांगणारं माणूस आता हे एकच उरलं होतं.

कंट्रोलर म्हणजे काय, तर चालकाच्या पुढ्यातलं कमरेएवढं लोखंडी कपाट. वर पितळी हँडल. हँडल फिरवलं की आतला ड्रम फिरतो, ड्रमवरच्या पट्ट्यांना तांब्याची बोटं टेकतात आणि गाडी टप्प्याटप्प्याने वेग घेते. हँडल शून्यावर आणलं की सगळी बोटं सुटतात आणि वीज तुटते. ट्राम दोन्ही बाजूंनी चालते, म्हणून एका टोकाला एक कंट्रोलर आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. एवढं कळलं तरी या गोष्टीपुरतं पुष्कळ झालं.

आणि सात नंबरची गाडी ही ताईंच्या बाबांची. म्हणजे मालकीची नव्हे हो, पण अकरा वर्षं त्यांनी दुसऱ्या गाडीच्या हँडलला हात लावला नव्हता. अडतीस वर्षांपूर्वी एका सकाळी ही गाडी उतारावरच्या शेवटच्या थांब्यावर थांबलीच नाही. रूळ ओलांडणारा एक घड्याळजी तिच्याखाली गेला. बाबांचं म्हणणं तेव्हाही एकच होतं आणि आज शहाऐंशीव्या वर्षीही एकच: मी हँडल शून्यावर आणलं होतं, गाडी ऐकेना, डोक्यावरचा वीज तोडणारा ब्रेकर पाडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. चौकशी बसली. मोठे साहेब शेडमध्ये आले, त्यांच्यासमोर कंट्रोलर उघडला, तो लख्ख निघाला. चालक गडबडला असा शेरा मारून बाबांना घरी बसवलं. पुढची वीस वर्षं ते एका लाकडाच्या वखारीत राखणदार होते.

तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या. दुकानात गेल्या की मागे कुजबुज व्हायची, ती बघ त्या मोटरमनची. तेव्हापासून त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली होती, की बाबा डोळे मिटायच्या आत त्यांचं नाव धुऊन निघालं पाहिजे. पण चौकशीची गाडी म्हणून सात नंबर मागच्या शेडमध्ये कुलपात गेली, आणि पुढे ट्रामच बंद पडल्या. आता कुठे तिला चालती करायचं ठरलं होतं. इंजिनिअरसाहेबांना ताईंनी सांगून टाकलं होतं की दोन्ही कंट्रोलर मी उघडणार, दुसऱ्या कुणी हात लावला तर बघून घेईन. साहेब भला माणूस. तो म्हणाला, काही सापडलं तर मी सरकारी अहवालात लिहीन, आणि रविवारी गाडी निघेल तेव्हा बाबांना पुढच्या बाकावर बसवू.

काल पहिलं टोक उघडलं. ते लख्ख, चौकशीत लिहिलं होतं तस्संच. ताई रात्रभर तळमळल्या. आज दुसरं उघडलं.

आत वरच्या एका बोटाचं टोक जागेवर नव्हतं. ते निखळून खालच्या दोन बोटांच्या मध्ये आडवं पडलं होतं आणि तिथेच वितळून दोघांनाही चिकटलं होतं. तांब्याचा एक ओबडधोबड गोळा झाला होता. म्हणजे ड्रम फिरवा नाहीतर डोक्यावर घेऊन नाचा, वीज आपली वाहतेच आहे. हँडल शून्यावर, आणि गाडी पळतेय. बाबा अडतीस वर्षं हेच तर सांगत होते.

चौकशीवाल्यांना हे कसं दिसलं नाही, तेही ताईंच्या चटकन ध्यानात आलं. डेपोत शिरणारा रूळ गोल वळसा घेऊन येतो. अपघातानंतर गाडी ओढून आणली तेव्हा तिचं पुढचं टोक शेडच्या भिंतीकडे गेलं आणि मागचं दाराकडे आलं. गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता, मग ओळखायचं कशावरून? साहेबांनी दाराकडचं ते पुढचं असं धरलं आणि भलतंच टोक तपासून गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एवढ्या शिकलेल्या माणसांचं हे असं, आणि त्यापायी आपल्या बापाची उभी हयात वखारीत गेली, हे मनात येऊन ताईंच्या अंगाची लाही लाही झाली. मग रडू आलं. मग त्यांनी घरी फोन लावला.

बाबा, तुमचं खरं होतं, सापडलं, असं त्या तीनतीनदा बोलल्या. मग बाबांनी विचारलं, तू एकटीनेच उघडलंस का? हो म्हटल्यावर ते नुसतं बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. म्हाताऱ्याला गहिवरून आलं असणार, असं ताईंना वाटलं. कुणालाही तेच वाटलं असतं.

इंजिनिअरसाहेब धावत आला, त्याने चारी बाजूंनी फोटो काढले, ताईंचा हात हातात घेऊन हलवला. आणि म्हणाला, ताई, झाकणाची आतली बाजूही फोटोत घेऊ, जरा उलटं करता?

या कारखान्यात एक जुनी रीत होती. कंट्रोलरचं काम केलेल्या फिटरने झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला टोच्याने आपली खूण आणि तारीख कोरायची. कुणाची फुली, कुणाचा मासा, कुणाची शिडी. कागद हरवतात, लोखंड हरवत नाही, असं जुने लोक म्हणायचे. ताईंनी झाकण उलटं केलं, धूळ फुंकली, चिंधीने पुसलं. तारीख दिसली, अपघाताच्या आदल्या दिवसाची. तारखेच्या बाजूला त्रिकोण.

तो त्रिकोण ताईंच्या घरातल्या प्रत्येक हातोडीवर होता, पकडीवर होता, डब्यांच्या बुडाला होता, लग्नातल्या पेटीच्या कडीवर होता. तो त्यांच्या नवऱ्याचा होता.

नवरा याच कारखान्यात फिटर. सगळे त्याला मौनी म्हणायचे, कारण दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी. अपघाताला वर्ष होत आलं तेव्हा, मोटरमनच्या मुलीला एकही स्थळ सांगून येईना तेव्हा, हा माणूस एकटा येऊन तिला मागून गेला. ताईंना कंट्रोलर शिकवला तो त्यानेच, जेवणाच्या टेबलावर जुनी बोटं आणि स्प्रिंगा मांडून. बाबा त्यांच्याकडेच राहायचे, आणि त्याला जावई म्हणायचेच नाहीत, मुलगा म्हणायचे. पाच वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा बाबा तीन दिवस जेवले नव्हते. आणि त्यानेच बसवलेलं बोट निखळलं होतं?

सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, दहा वर्षांनी, कधीतरी बोलला असता की. ताईंना त्याचा असा संताप आला की तो समोर असता तर त्यांनी त्याला गदागदा हलवलं असतं. करून सवरून नामानिराळा राहिला. वर माझ्याशी लग्न केलं, ते काय पाप फेडायला? बत्तीस वर्षांच्या संसाराकडे त्यांनी एका क्षणात मागे वळून पाहिलं आणि त्यातलं काहीच त्यांना ओळखीचं वाटेना. इंजिनिअरसाहेब विचारत होता, ही खूण कुणाची, माहीत आहे का? ताई म्हणाल्या, बघून सांगते. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांचे कान तापले.

फोटो काढून साहेब गेला. ताई झाकण मांडीवर घेऊन गाडीच्या पायरीवर बसल्या. दुसऱ्या कुणाला जे दिसलं नसतं ते त्यांना तेव्हा दिसलं. त्रिकोणाला दोनच बाजू होत्या. तिसरी कोरलेलीच नव्हती.

आता ही गोष्ट कारखान्यातल्या माणसालाच कळेल, म्हणून सांगतो. काम अर्धं राहिलं, सुटा भाग मिळाला नाही, तर खूणही अर्धीच कोरायची. पूर्ण खूण म्हणजे गाडी चालवा, अर्धी खूण म्हणजे हात लावू नका. आणि झाकण बंद असताना चालकाला ते कळणार कसं, तर हँडलला लाल फडकं बांधायचं. फडकं बांधलेली गाडी कुणी बाहेर काढायची नाही. यात दुमत नव्हतं, साहेबालासुद्धा ती मुभा नव्हती. ताईंनी पुन्हा आत बॅटरी मारली. निखळलेल्या बोटाच्या जागी दोन स्क्रूंची भोकं होती. स्क्रू एकाच भोकात होता. दुसरा मिळाला नसणार, म्हणून मौनीने काम सोडलं, अर्धी खूण केली, आणि तो मौनी होता, फडकं बांधल्याशिवाय तो घरी गेला नसता. देवाने येऊन सांगितलं असतं तरी ताईंनी दुसरं मानलं नसतं.

मग सकाळी ते सोडलं कुणी?

त्या गाडीच्या हँडलला हात लावणारा माणूस एकच होता.

ताई तशाच उठल्या, अंगावर कामाचा डगला, हाताला काळं, आणि घरी निघाल्या. वाटेत ओळखीचं कुणी हसलं, त्या हसल्या नाहीत. दुपारचे तीन वाजले होते. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, पायात मोजे, जेवणाचं ताट झाकलेलं तसंच. ताईंनी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"बाबा, फडकं होतं ना हँडलला?"

बाबांनी मान डोलावली. त्यांनी नाही म्हणायचा प्रयत्नही केला नाही, आणि त्याचाच ताईंना जास्त धक्का बसला. येताना वाटभर त्यांनी बाबांच्या तोंडी शंभर सबबी घातल्या होत्या आणि त्यातली एकतरी ऐकायला मिळावी म्हणून त्या आल्या होत्या.

मग बाबा सांगत गेले, खिडकीकडे बघत. त्या सकाळी ते आले तेव्हा सात नंबरला फडकं होतं. बाजूला तीन नंबर उभी होती, ती नेता आली असती. तीन नंबरची घंटा वाजत नव्हती, बाकं फाटलेली. अकरा वर्षांत माझी गाडी एक मिनिट उशिरा सुटली नव्हती, बाबा म्हणाले. फिटर लोक तेलपाण्यालासुद्धा फडकं बांधतात असं वाटलं. शेडमध्येच दोनदा हँडल फिरवून बघितलं, गाडी नीट चालली, नीट थांबली. फडकं सोडून खिशात घातलं. संध्याकाळी मौनी दारात येऊन उभा राहिला. त्याने एवढंच विचारलं, फडकं कुठाय? मी दिलं. तो घेऊन गेला. चौकशीच्या दिवशी साहेबांना दाराकडचं टोक त्यानेच उघडून दाखवलं, आपल्या हाताने. खरं टोक उघडलं असतं तर अर्धी खूण सापडली असती, फडक्याचा विषय निघाला असता, आणि मी तुरुंगात गेलो असतो. गडबडला म्हटल्यावर नुसती नोकरी गेली.

ताईंना आठवत होतं ते दुसरंच. दर सणावाराला नव्हे, दर जेवणाला बाबा तोच विषय काढायचे. तेव्हाचे फिटर आंधळे होते, एकाच्या हलगर्जीपणापायी माझं आयुष्य गेलं. आणि समोर मौनी खालमानेने जेवत असायचा. कधी त्याने ब्र काढला नाही. एकदा भांडणात ताई त्याला म्हणाल्या होत्या, तुमच्यासारख्याच कुणा फिटरने माझ्या बाबांना खाल्लं. तो उठला आणि मोरीतल्या गळक्या नळाचं वायसर बदलत बसला. ताई दोन दिवस बोलल्या नव्हत्या, आणि तिसऱ्या दिवशी माफीही त्यानेच मागितली होती.

"त्यांच्याच पुढ्यात बसून तुम्ही त्यांना शिव्या घालत होतात," ताई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं."

"एकदा बोलून गेलो," बाबा म्हणाले. "तुझी आई रडत होती, तुला कुणी मागत नव्हतं, काहीतरी सांगायला हवं होतं. मग थांबता येईना."

"आणि त्यांनी मला का मागितलं? तुमचं ठरलं होतं दोघांचं?"

"नाही गं. देवाशपथ नाही. का मागितलं ते मी कधी विचारलंच नाही. तो काय सांगेल याची भीती वाटायची."

म्हणजे ज्याला विचारायचं तो गेला, आणि जो आहे त्याला माहीत नाही. ताईंना हसू आलं की रडू, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. एवढी वर्षं या घरात घड्याळजीचं कुणी नावसुद्धा काढलं नव्हतं. त्याची बायको होती, दोन मुलं होती असं तेव्हा कानावर आलं होतं. बाबांचं नाव, बाबांची नोकरी, बाबांचा अपमान, सगळं काही बाबांचंच, आणि या सगळ्याला सगळ्यात मोठ्याने कुणी टाळ कुटले असतील तर ते ताईंनी. हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली, इतकी की त्यांनी तोंड फिरवलं.

बाबांनी हळूच विचारलं, रविवारचं काय? ताई म्हणाल्या, रविवारी तुम्ही कुठेही जाणार नाही. मग बाबांनी विचारलं, अहवालात काय लिहिणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते होतं. नुसतं वितळलेलं बोट लिहिलं की बाबा सुटत होते आणि मौनी अडकत होता. त्रिकोण कुणाचा ते कारखान्यातली जुनी माणसं सांगणारच होती. गप्प बसलेल्या माणसाच्या माथी आणखी एकदा सगळं मारायचं आणि बाबांना पुढच्या बाकावर हार घालून बसवायचं. बाबा त्यांच्याकडे बघत होते आणि त्या डोळ्यांत शहाऐंशी वर्षांच्या माणसाची सरळसरळ याचना होती. ताईंना ती दिसली. त्यांना वाईटही वाटलं. बाप होता तो.

त्यांनी पिशवीतून अहवालाचा कोरा कागद काढला, टेबलाशी बसल्या आणि लिहायला घेतलं. चार ओळी झाल्या. मग त्यांनी त्या मोठ्याने वाचल्या: दुसऱ्या टोकाच्या कंट्रोलरचं काम अपुरं होतं. फिटरने तशी खूण केली होती आणि हँडलला फडकं बांधलं होतं. मोटरमनने घाईघाईत, नजरचुकीने फडकं सोडून गाडी बाहेर काढली. त्यामुळे एक माणूस मेला.

घाईघाईत आणि नजरचुकीने हे शब्द त्यांनी आपल्या मनाने घातले होते. बापासाठी तेवढं करायला त्यांची हरकत नव्हती.

बाबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"ते घाईघाईत खोड," ते म्हणाले. "त्याने दोन गाठी मारल्या होत्या. पहिली सुटली. दुसरी सुटेना. मी खाली वाकून ती दातांनी सोडवली."

ताईंचं पेन कागदावर थांबलं. त्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग घाईघाईत आणि नजरचुकीने या दोन्ही शब्दांवर काट मारली आणि त्यांच्यावर लिहिलं, दोन गाठी सोडवून. सहीसाठी कागद बाबांच्या पुढ्यात सरकवला. बाबांनी चष्मा मागितला, आणि ताईंनी तो आणून दिला.